कोणते देशमुख?

आमच्या नववीच्या वर्गांत गेल्या वर्षीं तीन देशमुख होते. हजेरी घेतांना घोंटाळा होऊं नये म्हणून आम्ही त्यांस स्वतःच्या नांवानें हांक मारीत असूं. परंतु मुलांनीं आपली निराळीच व्यवस्था लावून ठेविली होती. ज्याच्या आजोबांचा जुना वाडा अद्यापि गांवांत उभा आहे, तो ‘खरा देशमुख’. ज्याचे वडील दवाखान्यांत कंपाउंडर आहेत, तो ‘नुसता देशमुख’. आणि जो दर रविवारीं आमच्यासमवेत उपासनेस असतो, तो ‘नांवाचा देशमुख’. पहिल्यास या पदवीचा अभिमान वाटे. दुसरा हंसून सोडून देई. तिसऱ्यानें मात्र एके दिवशीं वहीवर आडनांव घालणेंच सोडून दिलें. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां तो कांहींच बोलला नाहीं. त्याच्या त्या मौनामुळें हा लेख लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

खऱ्याखोट्याचा निवाडा करण्यापूर्वीं हें आडनांव आलें कोठून, हें पाहूं. देशमुख हें मुळांत कुळाचें नांवच नव्हे. तो एक हुद्दा होता. गांवाचा कारभार पाटील पाही व दप्तर कुळकर्णी ठेवी. त्याचप्रमाणें अनेक गांवें मिळून होणाऱ्या परगण्याचा मुख्य तो देशमुख, आणि त्याचें दप्तर ठेवणारा देशपांडे. जमिनीची लावणी करविणें, सरकारचा वसूल जमा करणें, मुलखाचा बंदोबस्त राखणें, हीं देशमुखाचीं कामें. त्यांबद्दल त्यास जमीन व हक्क मिळत. हें वतन पिढीजाद असल्यामुळें हुद्द्याचें नांव घराण्यास चिकटलें, व पुष्कळांचें मूळचें आडनांव मागें पडलें. तेव्हां ‘आम्ही देशमुख’ म्हणून छाती पुढें काढणारा मनुष्य आपल्या कुळाचें नांव सांगत नसून पूर्वजांच्या चाकरीचें नांव सांगत असतो. चाकरीचें नांव सांगण्यांत कांहीं वाईट नाहीं. मात्र ती चाकरी कोणाची व कशी केली, हा प्रश्न त्याबरोबरच येतो. कित्येक वतनदारांनीं रयतेस संभाळलें, कित्येकांनीं तिला पिळून काढलें. वतनदारांच्या मनमानीस आळा घालणें शिवाजी महाराजांना भाग पडलें, हें इतिहास वाचणाऱ्या मुलांस ठाऊक आहेच.

पुढें काळ फिरला. इंग्रजी अमलांत वसुलाचें काम पगारी अंमलदारांकडे गेलें. १८७४ सालच्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील वतनांस नियमांचें बंधन पडलें, आणि स्वराज्य आल्यावर १९५० सालच्या कायद्यानें त्या राज्यांतील परगणा वतनें व कुळकर्णी वतनें रद्दच झालीं. काम गेलें, हक्क गेले. नांव तेवढें राहिलें. ज्या नांवामागें आज कोणतेंही वतन उरलें नाहीं, त्यांत खरें आणि नुसतें असा भेद कशाच्या जोरावर करावयाचा?

आतां हें नांव धारण करून कीर्तीस चढलेल्या कांहीं व्यक्ती पाहूं. पहिले पुण्याचे गोपाळ हरि देशमुख (१८२३–१८९२). यांच्या घराण्याचें मूळ आडनांव सिद्धये. जन्मानें चित्पावन ब्राह्मण. चाकरी इंग्रज सरकारच्या न्यायखात्यांत. १८४८ सालापासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रांत त्यांनीं जीं पत्रें लिहिलीं, तीं ‘शतपत्रें’ म्हणून प्रसिद्ध आहेत. मोजलीं तर १०८ भरतात. त्यांतील कठोर शब्द बहुतांशीं स्वतःच्याच जातीच्या आळसावर व पोकळ अभिमानावर आहेत. आणि त्या पत्रांखालीं सही कोणती? ‘देशमुख’ नव्हे, ‘लोकहितवादी’. वडिलांकडून आलेलें नांव बाजूस ठेवून त्यांनीं कर्तव्याचें नांव घेतलें, व आज मराठी वाङ्मय त्यांस त्याच नांवानें ओळखतें.

दुसरे चिंतामणराव देशमुख (१८९६–१९८२). हे कुलाबा जिल्ह्यांतील चांद्रसेनीय कायस्थ प्रभु. १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले. पुढें सनदी नोकरींत शिरून १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, व १९५० पासून केंद्राचे अर्थमंत्री. इतक्या आंकडेमोडींतही त्यांनीं कालिदासाचें ‘मेघदूत’ मराठींत आणिलें. परंतु मराठी माणसाच्या अंतःकरणांत ते राहिले ते निराळ्याच कारणानें. मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या कारभाराखालीं ठेवण्याचा बेत झाला, तेव्हां १९५६ सालीं त्यांनीं मंत्रिपद सोडिलें. अधिकाराचें नांव मिरविणारे पुष्कळ. अधिकार सोडल्यामुळें ज्यांचें नांव मोठें झालें असे थोडे.

तिसरे वऱ्हाडांतील पापळ गांवचे डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५). यांच्या मराठा घराण्याचें मूळ आडनांव कदम. वेदवाङ्मयांतील धर्माचा उगम व विकास या विषयावर त्यांनीं विलायतेंत प्रबंध लिहून डॉक्टरची पदवी मिळविली. परत आल्यावर अमरावतीच्या अंबादेवीचें मंदिर अस्पृश्य बंधूंस खुलें व्हावें म्हणून १९२७ सालीं जी चळवळ झाली, तींत ते पडले. १९३२ सालीं त्यांनीं श्रीशिवाजी शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९५२ ते १९६२ पर्यंत ते केंद्राचे कृषिमंत्री होते. शेतकऱ्यांचीं मुलें शाळेंत बसावींत, हा त्यांचा ध्यास. अकोल्याच्या कृषि विद्यापीठास आज त्यांचें नांव आहे.

आणि दुर्गाबाई देशमुख (१९०९–१९८१) तर जन्मानें आंध्र, राजमहेंद्रीच्या. १९३७ सालीं त्यांनीं मद्रासेंत आंध्र महिला सभा काढिली, घटनासमितींत त्या बसल्या; हें सर्व झाल्यावर १९५३ सालीं चिंतामणरावांशीं विवाह होऊन हें आडनांव त्यांच्याकडे आलें. अलीकडच्या काळांत पाहावें, तर लातूरकडील बाभळगांवचे विलासराव देशमुख (१९४५–२०१२) दोन वेळां महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. आणि विदर्भांतील कादंबरीकार सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ कादंबरीस २००४ सालचें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. ज्या नांवाचे लोक एके काळीं शेतकऱ्याकडून वसूल घेत, त्याच नांवाच्या लेखकानें आज कर्जानें वांकलेल्या शेतकऱ्याच्या घरचें दुःख जगापुढें मांडावें, यांत आम्हांस त्या नांवाचें कांहीं ऋण फिटल्यासारखें वाटतें.

चित्पावन, कायस्थ, मराठा, आंध्र. पुणें, कोंकण, वऱ्हाड, मराठवाडा. सांगा, यांतील ‘खरे देशमुख’ कोणते? हीं माणसें एका कुळांतलीं नव्हत आणि एका जातीचींही नव्हत. त्यांच्यांत सारखेपणा असेल तर तो एवढाच कीं, त्यांना कोणी आडनांवामुळें ओळखीत नाहीं. आडनांव त्यांच्यामुळें ओळखलें जातें.

आमच्या तिसऱ्या विद्यार्थ्यासाठीं आणखी एक उदाहरण देतों. लोकमान्य टिळक (१८५६–१९२०) आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे दोघेही रत्नागिरी जिल्ह्यांतले, समकालीन, एकाच आडनांवाचे. एकानें राजकारणांत देशाचें पुढारीपण केलें. दुसऱ्यानें १८९५ सालीं ख्रिस्ताचा स्वीकार केला, आणि तरीही आपलें नांव, आपली भाषा व आपली कविता टाकिली नाहीं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचें ‘स्मृतिचित्रें’ हें आत्मचरित्र तर सर्व मराठी वाचकांनीं आपलें मानलें आहे. धर्म बदलल्यानें नारायणराव ‘नांवाचे टिळक’ झाले काय? मराठी भाषेनें तरी तसें कधीं म्हटलें नाहीं.

कित्येक सुज्ञ पालक म्हणतात कीं, आडनांवानें जात कळते, सबब शाळेच्या पटावर आडनांव नसावेंच. त्यांचा हेतु शुद्ध आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचें नांवही घालावें असा नियम महाराष्ट्र सरकारनें केला, तेव्हां नांवाची रचना बदलतां येते हेंही उघड आहे. व आईचें नांव आलें याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु आडनांव पुसून टाकणें या उपायास आमचें मन घेत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें वहीवरील नांव झांकलें, त्यानें चिडविणारे सुधारले नाहींत. चिडविल्या जाणाऱ्यालाच मात्र लाज वाटूं लागली. ज्यानें अपराध केला नाहीं त्यानें नांव कां लपवावें? बदलावयाचें तें नांव नव्हे. नांव ऐकतांच आपल्या तोंडून निघणारा पुढचा प्रश्न.

तो प्रश्न मुलें शाळेंत शिकत नाहींत, असें म्हणून आम्ही मोकळे होऊं इच्छीत नाहीं. तीं नांवें वर्गांत चालतात हें आम्हांस महिनाभर ठाऊक होतें. आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. ही चूक आमची. परंतु आईबापांसही नम्रपणें विचारतों: मूल नवा मित्र घरीं आणितें, तेव्हां आपण प्रथम काय विचारतां? ‘कोणते देशमुख?’, ‘कोणते जोशी?’, ‘मूळचे कोठले?’ असें सहज विचारलें जातें, आणि दारांत उभें असलेलें मूल तें ऐकून ठेवितें. त्याऐवजीं ‘बाळ, तुला काय आवडतें?’ असें विचारून पाहावें. उत्तर अधिक लांब मिळेल, आणि अधिक खरें.

आमच्या बालमित्रांनो, नांव हें वडिलार्जित धन नव्हे, वडिलार्जित जबाबदारी आहे. वाडा असो वा भाड्याची खोली, कोणाचेंही आडनांव त्याच्या जन्मासमयीं कोरेंच असतें. त्यावर पुढें काय लिहिलें जाईल हें लिहिणाऱ्याच्या हातीं आहे. वार्षिक समारंभांत प्रशस्तिपत्रें देतांना आम्ही प्रत्येकाचें पूर्ण नांव, आडनांवासह, मोठ्यानें वाचणार आहों. तिघां देशमुखांपैकीं एकानें या वर्षीं निबंधांत पहिला क्रमांक मिळविला आहे. तो कोणता देशमुख, हें आम्ही येथें सांगत नाहीं. त्या दिवशीं तो व्यासपीठावर येईल, तेव्हां कोणी तसें विचारूं नये, आणि सर्वांनीं टाळ्या मात्र भरपूर वाजवाव्या, एवढीच आमची विनंती आहे.