ट्रॅक्टरला घसारा, मग खुब्याला का नाही?



आज पीक नाही, कीड नाही, बाजारभाव नाही. आज खुब्यावर लिहितोय. शेतीच्या पानावर हाडांचं काय काम असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी तर मुद्दाम.

माझं वय ४७. उजव्या खुब्याचा सांधा झिजलाय, एक्स-रेवर तिसरी पायरी. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. त्या दोघांमधली कूर्चा पातळ झालीय आणि कडेनं हाड वाढलंय. हे कळल्यापासून भावकीत, पाहुण्यांत, दवाखान्याच्या बाकड्यावर एकच वाक्य ऐकतोय, "वय झालं आता, चालायचंच."

अहो, चालायचंच तर जमत नाहीये!

आणि ४७ हे काय वय आहे? याच वयात बँक आपल्याला पीककर्ज देते, सोसायटीत आपण 'तरुण कार्यकर्ते' असतो. मग खुबाच तेवढा म्हातारा कसा झाला? माझं म्हणणं सरळ आहे. ही वयाची झीज नाही, कामाची झीज आहे. आणि जी कामानं होते ती त्या कामाच्या खर्चात धरली पाहिजे.

हे मी मनानं सांगत नाही. १९९२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांचा अभ्यास छापून आला. खुब्याची झीज हा शेतकऱ्यांचा व्यावसायिक आजार आहे, हे त्याच्या शीर्षकातच होतं. दहा वर्षांहून जास्त शेती केलेल्यांत हा आजार बैठं काम करणाऱ्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघाला. २००५ पासून ब्रिटनच्या सरकारी यादीत, शेतात एकूण दहा वर्षं काम केलेल्या माणसाचा झिजलेला खुबा हा कामामुळे झालेला आजार धरला जातो. त्याची भरपाई मात्र पगारी मजुराला मिळते, स्वतःची शेती करणाऱ्याला तिथंही नाही. जर्मनीनं २०२१ मध्ये वर्षानुवर्षं जड ओझी उचलून झिजलेला खुबा व्यावसायिक आजारांत घातला.

आपल्याकडे काय आहे? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. साप चावला, वीज पडली, यंत्रात हात गेला तर त्यात मदत आहे, आणि ती हवीच. पण खुबा एका दिवसात तुटला तर अपघात, आणि तोच वीस वर्षं रोज थोडा थोडा झिजला तर नशीब! हा कुठला हिशोब?

आता हिशोबावरच येऊ. हमीभाव ठरवताना सरकार जो खर्च धरतं, त्यात बियाणं, खत, मजुरी, डिझेल असतं. अवजारांचा आणि शेतातल्या बांधकामाचा घसाराही असतो. घरच्या माणसांची मजुरीही धरतात, तिला एफएल म्हणतात, आणि ती चालू मजुरीच्या दरानं लावतात. म्हणजे पेरणीयंत्राचा फाळ झिजला तर तो खर्चात. फाळ ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा टायर झिजला तर तोही खर्चात. पण पाठीवर पंप घेऊन चिखलात चालणाऱ्याचा खुबा झिजला तर तो कुठल्याच रकान्यात नाही. मजुरी म्हणजे आजच्या दिवसाचे पैसे. घसारा म्हणजे उद्या ते यंत्र चालणार नाही त्याची तरतूद. आपल्याला फक्त आजचा दिवस दिलाय, तोही कागदावर.

थोडी आकडेमोड करू. १६ लिटरचा बॅटरी पंप भरला की पाठीवर २० किलो. पाच एकर कपाशी, पाच फवारण्या, एकरी दहा पंप. झाले २५० पंप, म्हणजे एका हंगामात पाच टन, ते पण ओल्या काळ्या रानात पाय रुतवत. चालताना एका पायावर भार आला की त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट जोर पडतो. पाठीवरचे २० किलो त्यात वरून. युरियाची गोणी ४५ किलो, डीएपीची ५०. शेणखताच्या पाट्या, कांद्याच्या गोण्या, चाऱ्याचे भारे यांचा हिशोब तुम्हीच लावा.

मग लोक म्हणतात, "आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षी औत हाणायचे." हाणत असतील. पण ज्यांना जमलं नाही ते तुमच्या गोष्टीत नाहीत. प्रत्येक गावात एखादा 'लंगडा अमका' असतोच की नाही? त्याला आपण टोपणनाव दिलं, निदान कोणी केलं नाही.

दुसरा सवाल येतो, "मग सगळ्या शेतकऱ्यांना का होत नाही?" बरोबर आहे. अनुवंश आहे, वजन आहे, जन्मतः वाटीची ठेवण आहे, लहानपणीची इजा आहे. पण तांबेरा तरी सगळ्या वाणांवर सारखा येतो का? एखादं वाण तग धरतं म्हणून तांबेऱ्याला रोग म्हणायचं आपण सोडलं का?

आता कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ, कृषी सहायक आणि कंपन्यांचे सल्लागार, तुमच्याशी थेट बोलतो. राग मानू नका. तुमच्या प्रत्येक शिफारशीत एक ओळ ठरलेली असते, 'आवश्यकतेनुसार दोन खुरपण्या व दोन कोळपण्या कराव्यात.' कोणी कराव्यात? किती तास उकिडवं बसून? एकरी झाडांची संख्या वाढवा म्हणता, त्या अंतरात कोळपं चालतं का, की बायांना बसूनच तण काढावं लागतं, हे त्याच कागदावर का नसतं? फवारणीचं औषध मिलीलिटरमध्ये सांगता, पाणी लिटरमध्ये सांगता. पाठीवर किती किलो आणि किती फेऱ्या, हे कोणी सांगायचं?

संशोधन नाही असंही नाही. शेतीतल्या श्रमांवर आणि सुरक्षिततेवर भोपाळहून चालणारा अखिल भारतीय संशोधन प्रकल्प आहे. परभणीच्या विद्यापीठात शेतकरी महिलांचे कष्ट कमी करण्यावर काम झालंय. सायकल कोळपं आहे, उभ्यानं चालवायची खुरपी आहेत. अडचण एवढीच की अवजार एका पुस्तिकेत आणि पिकाची शिफारस दुसऱ्या पुस्तिकेत. दोन्ही एकाच पानावर आणा. उत्पादन दोन क्विंटलनं वाढवणारं तंत्र जर माणसाला दहा वर्षं आधी खाटेवर टाकत असेल, तर ते तंत्र फायद्याचं नाही.

आता ज्यांना निदान झालंय किंवा शंका आहे, त्यांच्यासाठी. आपण कपाशीत कामगंध सापळे लावतो, पतंग मोजतो, नुकसानीची पातळी ओलांडली की हालचाल करतो. शरीराचंही तसंच निरीक्षण करा. खुब्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत असतं, कधी नुसतं गुडघ्यातच जाणवतं. त्यामुळे माणूस गुडघ्याला तेल चोळत बसतो. सकाळी उठल्यावर सांधा आखडतो, थोडं चाललं की सुटतो. पायाची नखं कापता येत नाहीत. पंगतीत मांडी घातली की एक गुडघा वरच राहतो. मोटरसायकलवर टांग टाकताना कळ येते. यातलं दोन-तीन जुळलं आणि महिना-दीड महिना टिकलं, तर हाडांच्या डॉक्टरकडे जा आणि खुब्याचा एक्स-रे सांगा.

तिशी-चाळिशीतल्या पोरांनी आणखी एक लक्षात ठेवा. गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरतं, त्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. स्टिरॉइड, दारू आणि सिकलसेल ही त्याची मोठी कारणं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आहे, तिथल्यांनी तर हे मनावरच घ्या. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआय लागतो. म्हणून 'अंगदुखीची हमखास पुडी' देणाऱ्यापासून लांब राहा. अशा पुडीत स्टिरॉइड असेल तर आठवड्यात बरं वाटतं आणि खुबा कायमचा जातो.

दुखणं मारणाऱ्या गोळ्यांचंही तेच. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये ते औषध जनावरांना द्यायला बंदी घातली. माणसाला ते डॉक्टरच्या सांगण्यानं ठरावीक दिवस चालतं. पण मेडिकलमधून परस्पर आणून वर्षानुवर्षं रोज घेतलं तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हीवर बेततं. गोळी खाऊन फवारायला जाणं म्हणजे इंजिनाचा लाल दिवा काढून टाकून ट्रॅक्टर हाणणं.

मग करायचं काय? पूर्ण विश्रांती हा उपाय नाही. सांध्याभोवतीचे स्नायू सुकले की झीज जास्त जाणवते. उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, हे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या आणि रोज करा. पोहता येत असेल आणि विहिरीला धड पायऱ्या असतील तर पोहण्यासारखं काही नाही, पाण्यात सांध्यावर भार कमी येतो. वजन जास्त असेल तर ते उतरवा. काठी घ्यायला लाजू नका, आणि ती दुखऱ्या बाजूला नाही, विरुद्ध हातात धरा. घरात कमोड किंवा कमोडची खुर्ची आणा.

कामाची पद्धत बदला. पाठीवरच्या पंपाऐवजी लांब पाइपचा एचटीपी, खत शक्य तिथं ठिबकमधून, गोणी अर्धी करून हातगाडीवर. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नवऱ्याचा खुबा दुखला की ओझं बायकोच्या डोक्यावर जातं, ही घरोघरची रीत आहे. हा उपाय नाही, एका खुब्याची पाळी दुसऱ्यावर ढकलणं आहे. ओझं कमी करा, माणूस बदलू नका.

ऑपरेशनचं भूतही डोक्यातून काढा. तिसरी पायरी दिसली म्हणून लगेच सांधा बदलायचा नसतो. झोप लागत नाही, रोजची कामं होत नाहीत, इतर उपाय थकले, तेव्हा तो विषय येतो. बदललेल्या दर शंभर खुब्यांपैकी साधारण ५८ पंचवीस वर्षं टिकतात, असं २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं. म्हणून चाळिशीत घाई नको आणि साठीपर्यंत खुरडत जगायचीही गरज नाही. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. आपल्या कार्डावर काय बसतं ते पैसे भरायच्या आधी त्याला विचारा.

या सगळ्याला पैसा लागतो, हे मलाही माहीत आहे. एचटीपी फुकट येत नाही, माणूस लावला तर हजेरी द्यावी लागते, ऑपरेशननंतर हंगाम बुडतो. म्हणूनच तर घसाऱ्याची मागणी आहे! खर्चाच्या हिशोबात शरीराच्या झिजेचा रकाना उघडा. दीर्घकाळ शेतीकाम केलेल्याची खुब्याची, गुडघ्याची झीज व्यावसायिक आजार म्हणून मान्य करा, मजुराचीही आणि मालकाचीही. प्रत्येक पिकाच्या शिफारशीत ओझ्याचा आणि बसण्याच्या तासांचा उल्लेख सक्तीचा करा.

सरकारची वाट बघत बसायचं नाही. यंदा खरिपाच्या खर्चाची वही लिहाल तेव्हा शेवटी एक ओळ स्वतःच वाढवा, 'शरीराचा घसारा'. किती गोण्या उचलल्या, किती पंप मारले, दवाखान्याला आणि गोळ्यांना किती गेले, दुखण्यानं किती दिवस मोडले. घरातल्या बाईची ओळ वेगळी लिहा. दहा गावांतल्या अशा वह्या जमल्या की मग कोण म्हणतंय 'वय झालं' ते बघू.