तापातील पहारेकरी

मिस्सेनंतर वडगावातील आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता घरोघरी एकच विनवणी आमच्या कानी आली : ‘फादर, डॉक्टरांस सुई द्यावयास सांगा.’ ताप विषाणूचा असल्यास प्रतिजैविकाची सुई व्यर्थ होय. देवाने देहातच पहारा ठेविला आहे. विषाणू शिरलेली पेशी ‘इंटरफेरॉन’ नामक द्रव्य सोडून शेजारच्या पेशींस सावध करिते. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमन यांनी ते शोधिले. (योगायोग असा की, त्याच वर्षी आपल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडतापाचा विषाणू सापडला.) अंगदुखी व ग्लानी ही पुष्कळदा त्याच इशाऱ्याची खूण असते. त्याने चेतलेल्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ बाधित पेशींचा नाश करितात आणि प्रतिपिंडे तयार होईपर्यंत खिंड लढवितात. धाप लागल्यास मात्र तत्काळ इस्पितळ गाठावे. कोविडच्या काही अत्यवस्थ रुग्णांत शरीरच आपले इंटरफेरॉन निकामी करीत असल्याचे २०२० मध्ये आढळले.