कानांनी वाचायची यादी

माझ्या एका रुग्ण भगिनी निवृत्त शिक्षिका आहेत. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. तथापि संगणकावरील मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यांनी साठीनंतर आत्मसात केला आणि आता पत्रे, लेख, सारे काही त्या कानांनी वाचतात.

गेल्या वर्षी त्यांची मधुमेहाची औषधे बदलून मी नवी यादी पीडीएफ स्वरूपात पाठवली. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे वेळा. पाहणाऱ्याला अगदी नीटनेटकी. चौथ्या पहाटे त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. रक्तातील साखर उतरली होती. उशाशी ठेवलेल्या ग्लुकोजने वेळ निभावली. चौकशीअंती कळले, की यंत्राने आधी सगळी नावे वाचली आणि मग सगळ्या वेळा. मनात जोड्या लावताना एक घर चुकले आणि न्याहारीच्या वेळची ग्लिमेपिराइडची गोळी रात्री घेतली गेली. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

डोळा कागदावरील ओळी आणि रकाने एका दृष्टिक्षेपात जुळवतो. कानाला ती सोय नाही. पीडीएफमध्ये ‘ही यादी आहे, हा तिचा पहिला मुद्दा, हा दुसरा’ अशा अदृश्य खुणा असतील, तरच स्क्रीन रीडर ‘पाच मुद्द्यांची यादी’ असे आधी सांगतो आणि एकेक मुद्दा वेगळा वाचतो. ह्या खुणांना टॅग म्हणतात. त्या नसतील, तर कोठून कोठे वाचायचे ह्याचा यंत्र केवळ अंदाज बांधते. कागदाचा फोटो काढून पीडीएफ केली असेल, तर आत अक्षरेच नसतात. यंत्र बहुधा मौनच पाळते.

घरी यादी तयार करणाऱ्या मुला-सुनांनी, नातवंडांनी पुढील पथ्ये पाळावीत. वर्डमध्ये यादी करताना स्पेस बार वा टॅबने रकाने जुळवू नयेत. क्रमांक देणारे ‘नंबरिंग’चे बटण वापरावे. फाइल प्रिंटच्या मार्गाने पीडीएफ करू नये, कारण त्यात टॅग बहुधा गळून पडतात. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीडीएफ निवडून, तेथील ‘ऑप्शन्स’मध्ये ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ह्या पर्यायावर खूण असल्याची खात्री करावी.

सर्वांत मोलाचे पथ्य मात्र भाषेचे आहे. एका औषधाची सारी माहिती एकाच मुद्द्यात, पूर्ण शब्दांत द्यावी. उदाहरणार्थ, ‘मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, एक गोळी सकाळी न्याहारीनंतर, एक गोळी रात्री जेवणानंतर.’ आम्हा डॉक्टरांची ‘१-०-१’ ही लिपी कानाला नुसते आकडे ऐकवते. मोबाइलवरील वाचक-प्रणाली पुष्कळदा टॅगची दखल घेत नाहीत. तेथेही असे पूर्ण वाक्य अर्थ सांभाळते. बंद केलेली औषधे त्याच यादीत खोडून दाखवू नयेत. खोडलेली रेघ ऐकू येत नाही. ‘बंद केलेली औषधे’ असे शीर्षक देऊन ती शेवटी वेगळी लिहावीत.

यादी हाती देण्यापूर्वी एकदा स्वतः डोळे मिटून ऐकावी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विंडोज संगणकासाठी विनामूल्य मिळतो. ऐकून कोणती गोळी केव्हा घ्यायची हे आपल्याला सांगता आले नाही, तर आजी-आजोबांनाही ते कळणार नाही.

आणि ज्येष्ठ वाचकहो, यादी ऐकताना किंचितही शंका आली, तर अंदाजाने गोळी घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, ‘मला ऐकून समजेल अशी यादी द्या’ असे निःसंकोच सांगा. त्या भगिनींनी मला तसे सांगितले. आता माझ्या दवाखान्यातून जाणारी प्रत्येक यादी त्यांनी सुचवल्याप्रमाणे तयार होते.