जिवंत परतलेला वीर

शौर्य म्हटले की आम्हांला आधी मरण आठवते. 'माझा आवडता वीर' हा निबंध वर्गात द्या; बहुतेक मुले शेवटच्या ओळीत आपल्या वीराला मारून मोकळी होतात. दोष मुलांचा नाही. आमच्या व्याख्यानांतून त्यांनी हेच ऐकले आहे. पडला तो वीर. कामगिरी पुरी करून घरी आला, तो नुसता नोकरदार! ही समजूत मला साफ अमान्य आहे.

कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे घ्या. १९४८ च्या एप्रिलात आपले रणगाडे नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाले, तेव्हा शत्रूने सुरुंग पेरून, झाडे आडवी पाडून, मोऱ्या उडवून वाट बंद केली होती. ती मोकळी करण्याचे काम राण्यांच्या सॅपर्सकडे आले. ८ तारखेला काम सुरू होण्यापूर्वीच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले. राण्यांसह पाच जण जखमी. त्या वेळी ते मागे गेले असते, तर कोणी नाव ठेवले असते? त्यांनी उरलेली माणसे सावरली आणि मशीनगनच्या माऱ्यात रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणला. ९ ला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात, ती दुपारी तीनपर्यंत. मग सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत ते स्वतः बसले. चीडाची आडवी झाडे सुरुंगाने उडवली, फुटलेल्या मोरीला वळसा काढला. १० ला पहाटे पावणेपाचला पुन्हा कामावर! ११ ला चिंगसपर्यंत रस्ता खुला झाला आणि १२ ला राजौरी हाती आली.

कोणी म्हणेल, हे तर बेलदाराचे काम! अहो, बंदूकवाला निदान उलट गोळी झाडतो. सुरुंग काढणाऱ्याचे दोन्ही हात मातीत गुंतलेले असतात, आणि ते चुकले तर मागची माणसे प्राणास मुकतात. माझ्या मते नेतृत्व म्हणतात ते हेच.

हुतात्म्यांपुढे माझे मस्तक नम्रच आहे. परंतु त्यांच्या तसबिरीला हार घातला की आपण सुटतो, हेही खरे. जिवंत वीराची मात्र अडचण होते. 'सकाळी सहाला तू कुठे होतास?' असे तो न बोलता विचारतो. राण्यांना १९५० साली परमवीरचक्र जाहीर झाले, १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ साली पुण्यात वारले. इतकी वर्षे हा माणूस आपल्यात वावरला. आपल्यापैकी किती घरांत त्याचे नाव मुलांना ठाऊक आहे?

या दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले उभे राहतील, बुरुजांवर मावळे चढतील. आईबापांनी मुलांना एवढेच सांगावे : गडावर जायला वाटही करा, आणि त्या वाटेवर सर्वांत पुढे कुदळ घेतलेला एक माणूस ठेवा. तो कोण, असे मुले विचारतील. त्यांना सांगा, हाच सेनेचा अधिकारी.