गिटार घ्या, पण गुणगुण ऐकून

एसी/डीसी या रॉक बँडच्या अँगस यंगची शिंगवाली एसजी गिटार पाहून मंचरच्या माझ्या भाच्यालाही तीच हवी होती. म्हटलं, घे, पण शिंगांसाठी नको, तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपसाठी घे. माझी जुनी सिंगल कॉइल पिकअपवाली गिटार शेजारची मोटर सुरू झाली की गुणगुणायची. एसजीच्या हंबकर पिकअपमध्ये दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात, त्यात ही गुणगुण जिरते. शिवाय १९६१ साली आलेलं ते पातळ महोगनीचं अंग खांद्याला हलकं.

"मामा, नारायणगावच्या तमाशाच्या फडात चालेल हिचा आवाज?"

ढोलकीपुढे? बघू. तूर्तास अँप दहा वॅटचाच घेतलाय. ताईला पहाटे धारा काढायला उठायचं असतं.