जुन्या जीपची आंधळी दुरुस्ती

ज्या शेतकरी बंधूंकडे चारही चाकांस जोर देणारी जुनी जीप आहे, त्यांस माझी विनंती अशी कीं, गाडींत आवाज येऊं लागतांच तिच्या पेट्या उघडण्यास कोणास अनुमति देऊं नये. आधीं पंचनामा व मागाहून हुकूम, हा आम्हां महसुली कारकुनांचा क्रम दुरुस्तीच्या कारखान्यांत नेमका उलटा चालतो आणि त्याचें बिल मालक भरतो. मींही तें भरलें आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीं माझा पुतण्या चिखलांतून गाडी काढून, चारही चाकें तशींच जोडलेलीं ठेवून, डांबरी रस्त्यानें घरीं आला. वाटेंत स्टिअरिंग जड झालें; घरीं पोंचल्यावर चारचाकीचा दांडा जागचा हलेना. एका कारखान्यानें ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढें व मागें जोर वांटणारी पेटी, खोलून दांतेरी चाकें बदललीं. पुढल्या पावसाळ्यांत पुन्हा तोच प्रकार! तेव्हां एका वृद्ध ड्रायव्हरानें गाडी दहा-पंधरा पावलें मागें घेतली व दांडा अलगद सुटला. मोडलें कांहींच नव्हतें.

वळणावर पुढील चाकांचा फेर मागील चाकांहून मोठा पडतो. १९४१ सालच्या विलीस जीपपासून चालत आलेल्या या रचनेंत पुढील व मागील शाफ्टांमधला तो फरक सोसणारें यंत्र नाहीं. चिखलांत चाक घसरून ताण मोकळा होतो. डांबरावर तो दांत्यांत अडकून बसतो. पुढें झिजलेले व मागें नवे टायर असले तर सरळ रस्त्यावरही हेंच घडतें. यास्तव चारही टायरांत योग्य हवा भरून, खडूची खूण करून, एका फेऱ्यांत किती अंतर पडतें तें फितीनें मोजावें. बांधाचा वीतभर फरक ओळखणारांस हें अवघड नाहीं.

आवाजाची परीक्षाही घरीं होते. निघतांना 'खट्' असा ठोका बसल्यास, इंजिन बंद करून व चाकांस दगड लावून, शाफ्टाच्या सांध्याच्या दोन्ही बाजू उलट दिशांनीं पिळाव्या; कारागीर ज्यास 'क्रॉस' म्हणतात तो ढिला असल्यास हातास कळतो. घुमणारा आवाज ॲक्सिलरेटर सोडतांच बदलला तर संशय डिफरन्शियलचा. वळणावर बदलला तर चाकाच्या बेअरिंगचा. गाडी उभी, न्यूट्रलमध्यें इंजिन चालू, आणि क्लच दाबतांच आवाज थांबला, तर मात्र गिअरपेटीकडे बोट दाखवण्यास आधार मिळतो. तेथेंही आधीं दोन्ही पेट्यांतलें तेल वेगवेगळें पाहावें. मधलें सील गेलें कीं एकींतलें तेल दुसरींत जातें.

'दोन चाकांवर चालवतों, मग दोष पुढें कसा?' असें कारागीरही म्हणतात. पुढील हब सुटे करण्याची सोय नसेल तर पुढचीं चाकेंच तो शाफ्ट फिरवीत राहतात. पुढचा शाफ्ट उतरवून, दोन चाकांवर एक फेरी मारून पाहावी. मागचा मात्र उतरवूं नये. पुष्कळ जुन्या जीपांत हातब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागील तोंडाशीं असतो. शाफ्ट निघाला कीं तो चाकांस धरीत नाहीं व गाडी उतारावरून आपणहून निघते.

जें आढळेल तें कागदावर लिहून कारखान्यांत द्यावें, आणि काढलेले जुने भाग परत मागावे. माझीं 'झिजलेलीं' दांतेरी चाकें मीं मागितलीं नाहींत; त्यांचे दांते मीं अद्यापि पाहिलेले नाहींत.