उपकाराची वही आणि पगाराची वही

वाचकहो, या वेळचे पत्र फार लांबून आले आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातील किरनापूर हे गाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसेल. महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेला तो मुलूख. आपल्याकडे मराठी आणि कन्नड जशा एकाच घरात नांदतात, तशा तिकडे मराठी, हिंदी आणि पोवारी नांदतात. पत्र लिहिणाऱ्या ताईंचे माहेर निपाणीजवळचे. वडील मराठी, आई कन्नड. आई हा अंक वाचून झाल्यावर लेकीकडे पाठवते, असे त्या लिहितात.

ताई तिथल्या एका सलूनमध्ये तीन वर्षे काम करतात. मालकीण त्यांची चुलत जाऊ. थ्रेडिंगपासून केस कापण्यापर्यंत सगळे काम जाऊबाईंनीच शिकवले. पगार महिना साडेसहा हजार. सकाळी दहाला दुकान उघडायचे, रात्री आठला बंद करायचे. लग्नसराईत आठवड्याची सुट्टीही नाही. गिऱ्हाइकाने खुशीने हातावर ठेवलेले पैसे गल्ल्यात जातात. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी वीस हजारांची उचल घेतली होती. त्यापोटी दहा महिने दीड-दीड हजार कापले जात आहेत आणि तरी "अजून बरेच बाकी आहे" असे ऐकावे लागते. आता नवा मुलगा ठेवला आहे. काम तेच, पण पगार नऊ हजार. ताईंनी विचारले, तर उत्तर मिळाले, "तुला शिकवलं कुणी? आणि या गावात दुसरं दुकान टाकायचं नाही, असं लिहून दिलंयस, विसरू नकोस."

ताई विचारतात, "सोडू की नको? सोडले तर कृतघ्न ठरेन, राहिले तर मन खाते."

ताई, तुमच्या आईंना एक कन्नड म्हण नक्की ठाऊक असेल. 'कै केसरादरे बायी मोसरू.' हात चिखलात गेले, तर तोंडात दही पडते. कष्टाला फळ आहे, एवढाच तिचा अर्थ. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. चिखल ज्याच्या हाताला, दही त्याच्याच तोंडात. हात एकाचे आणि दही दुसऱ्याच्या तोंडात, असे वर्षानुवर्षे चालले तर म्हणीचा दोष नाही, हिशेबाचा आहे.

म्हणून आधी हिशेब. तुमच्या पत्रात दोन वह्या एकत्र शिवल्या गेल्या आहेत. एक उपकाराची आणि दुसरी पगाराची. जाऊबाईंनी कला शिकवली, हे उपकाराच्या वहीत. ते कधीच पुसू नका. सणाला नमस्कार करा, अडीअडचणीला धावून जा, चारचौघांत त्यांचे नाव आदराने घ्या. ती फेड अशीच करायची असते. पण दहा तास उभे राहून केलेल्या कामाचे मोल पगाराच्या वहीत लिहायचे. एका वहीतले देणे दुसऱ्या वहीतून वळते करून घेण्याचा हक्क कुणालाच नाही. घरच्या माणसालाही नाही.

आता पगाराची वही उघडू. दिवसाला दहा तास आणि महिन्याला अठ्ठावीस दिवस धरले, तर २८० तास होतात. साडेसहा हजारांना २८० ने भागले की तासाला साधारण तेवीस रुपये पडतात. एका थ्रेडिंगचे गिऱ्हाईक किती देते, ते तुम्हीच आठवून पाहा. आणि उचल? दहा महिने दीड हजार म्हणजे पंधरा हजार फिटले. वीस हजारांतून उरले पाच हजार. ज्याच्या भीतीने पाय अडला आहे, ते ओझे एवढेच आहे. हे कागदावर मांडले की अर्धी भीती जाते.

कायद्याचेही थोडे सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर वेतन संहिता लागू झाली आहे. ती किरनापूरला आहे, तशीच निपाणीला आणि गडहिंग्लजलाही आहे. तिच्यात तुमच्या उपयोगाच्या चार गोष्टी आहेत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. एकाच कामासाठी बाईला कमी आणि पुरुषाला जास्त असा भेद करता येत नाही. उचलीपोटी वा इतर कारणाने होणारी कपात पगाराच्या निम्म्याहून अधिक असू नये. आणि काम सोडले, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता व्हायला हवा. सरकारने ठरवलेले किमान वेतन किती, ते जिल्ह्याच्या श्रम कार्यालयात विचारा. तुमचा पगार त्याहून कमी असेल, तर तो 'घरातला मामला' राहत नाही.

गावात दुकान टाकणार नाही, या लिहून दिलेल्या कागदाचे फार भय धरू नका. काम सोडल्यावर स्वतःचा धंदा करायचा नाही, असा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे टिकत नाही. शिकवण्यावर खरोखर खर्च झाला असेल, तर त्याची वाजवी भरपाई कुणी मागू शकेल. पण हात बांधून ठेवता येत नाहीत. उचलीचे मात्र सरळ आहे. ती फेडायचीच. पण उचल फेडणे वेगळे आणि उचलीसाठी माणूस अडकवून ठेवणे वेगळे. कर्जापोटी माणसाला कामाला जखडणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. वेळ आलीच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला वकिलाची मदत मोफत मिळते. त्यांचा दूरध्वनी १५१००.

पण घरच्या माणसावर पहिल्याच दिवशी कायदा उगारू नये, असेच मी सांगेन. जाऊबाईंचीही एक बाजू असेल. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, क्रीम-ब्लीचचे चढे भाव, आणि श्रावणात-पितृपक्षात ओस पडणारी खुर्ची. लहान गावातले सलून म्हणजे सोन्याची खाण नव्हे. म्हणून बोलणे करावे, पण दुकानात गिऱ्हाइकांसमोर नव्हे. घरी, निवांतपणे, यजमानांना किंवा सासूबाईंना सोबत घेऊन. मागणे मोजकेच असावे. उचलीचा हिशेब लिहून मिळावा. पगार नव्या मुलाइतका व्हावा, नाहीतर केलेल्या कामावर टक्केवारी ठरावी. अनेक सलूनांत कारागिरांना अशी टक्केवारी मिळते. बक्षिसी ज्याची त्याला. आणि आठवड्याची एक सुट्टी. आपल्याकडे महाराष्ट्रातली सलून बहुधा सोमवारी आणि कर्नाटकातली मंगळवारी बंद असतात. वस्तऱ्यालाही सुट्टी मिळते, मग तो धरणाऱ्या हाताला का नको?

बोलण्याची वेळही पाहावी. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. त्याच्या महिनाभर आधी विषय काढा. तेव्हा तुमच्या हाताची गरज जाऊबाईंना सर्वांत जास्त असते आणि त्यांना दुसरी सोय करायलाही अवधी मिळतो. ऐन मुहूर्ताच्या दिवशी नवरीला खुर्चीत सोडून निघून जाणे मात्र नको. ते अन्यायाचे उत्तर नव्हे.

एक अपवाद सांगून ठेवते. अंगाला हात लावणे, घाणेरडे बोलणे असा प्रकार कुठल्याही कामाच्या ठिकाणी होत असेल, तर मुहूर्त पाहायचा नाही. त्या दिवशीच बाहेर पडायचे. जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, तिथल्या बायकांसाठी २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानिक समिती ठेवली आहे. तक्रार तिथे करता येते.

ताई, 'नाही' म्हणणे या धंद्याला नवे नाही. १८९० साली मुंबईत 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरवले. ते कामही पोटाचेच होते, त्याचे पैसे मिळत होते. तरी हातून अन्याय होतो म्हणून गरीब माणसांनी ते नाकारले. त्याच वर्षी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तुम्ही तर दुसऱ्यासाठी नव्हे, स्वतःवरच्या अन्यायाला नाही म्हणायचे आहे.

आणि एक नाव तुमच्या माहेरच्या पट्ट्यातले. गडहिंग्लज तालुक्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादव. पती गेले, पदरी चार मुली, शेतमजुरीत भागेना. गावचे हरिभाऊ कडूकर म्हणाले, नवऱ्याचा वस्तरा तुम्ही हाती घ्या. चाळीस वर्षांपूर्वी बाईने पुरुषांची दाढी करायची, ही गोष्ट ऐकून लोक हसले. हरिभाऊ स्वतः पहिले गिऱ्हाईक होऊन बसले. शांताबाई आसपासच्या गावांत पायी फिरल्या, जनावरांचे केसही भादरले, आणि त्याच वस्तऱ्यावर मुलींचे संसार उभे केले. त्यांच्याकडे दुकान नव्हते, आरसा-खुर्ची नव्हती. कला हातात असते, खुर्चीत नाही, हे त्यांच्याकडे पाहिले की पटते.

आपण सेना महाराजांना मानतो, तुमच्या आईंकडचे लोक हडपद अप्पण्णांना मानतात. शरणांनी कष्टाला 'कायक' म्हटले, म्हणजे पूजेचा मान दिला. पण पूजा ही मोकळ्या मनाने व्हायची असते. भीतीने केलेले काम कायक होत नाही.

तेव्हा माझे मत असे. एकदा नीट बोला आणि दोन महिने वाट पाहा. मागणे मान्य झाले, तर आनंदाने राहा. ओळखीची जागा आणि घरचे माणूस या लहान गोष्टी नव्हेत. नुसतीच आश्वासने मिळाली, तर उरलेली उचल फेडण्याची तारीख ठरवा, एक महिना आधी सांगा आणि बाहेर पडा. घरातल्या पडवीत एक खुर्ची आणि एक आरसा मांडूनही सुरुवात होते. स्वतःचा धंदा करणाऱ्या कारागिरांसाठी सप्टेंबर २०२३ पासून पंतप्रधान विश्वकर्मा योजना आहे. तिच्या अठरा व्यवसायांत न्हावीकाम आहे. हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पहिले एक लाखापर्यंतचे कर्ज पाच टक्के व्याजाने मिळू शकते. तुमचे काम त्यात बसते का, याची चौकशी ग्रामपंचायतीत करा.

निघताना जाऊबाईंच्या पाया पडायला विसरू नका. उपकाराची वही उघडीच ठेवायची आहे. मिटायची आहे ती दुसरी, आणि तीही हिशेब चुकता करून.